परदेशात बांधलेली बोट आपल्या किनाऱ्यावर चालावी का? वालचंद हिराचंद यांची गोष्ट

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-पॅक्स बोटीत तुम्ही कधी गाडी चढवली असेल. रस्त्याने अलिबाग गाठायला तीन-चार तास सहज जातात, बोटीने तासाभरात मांडवा येतं. मार्च २०२० मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा आलेली बोट ग्रीसमध्ये बांधलेली होती. शेकडो माणसं, शंभराहून जास्त गाड्या घेणारी बोट तयार मिळाली, आणली, सुरू केली.

आता यावर दोन प्रकारची मतं ऐकू येतात. एक म्हणजे, आपल्याकडे गोद्या आहेत, कारागीर आहेत, मग देशातल्या देशात चालणारी बोट बाहेरून कशाला? दुसरं म्हणजे, प्रवाशाला वेळेवर, सुरक्षित, परवडणारी बोट हवी. ती कुठे बांधली याच्याशी त्याला काय करायचंय?

हा वाद आजचा वाटतो, पण शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने जवळजवळ अख्खं आयुष्य या प्रश्नाभोवती घालवलं. त्यांचं नाव तुम्हाला बहुतेक कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्ममुळे माहीत असेल: वालचंद, सांगली. त्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते वालचंद हिराचंद दोशी. त्यांची गोष्ट समजून घेण्याआधी एक संकल्पना क्लिअर करून घेऊ.

कॅबोटाज म्हणजे काय?

एकाच देशाच्या दोन बंदरांमधली वाहतूक कोणी करायची याच्या नियमांना कॅबोटाज म्हणतात. मुंबई ते कोची, चेन्नई ते अंदमान, ही किनारी वाहतूक. बहुतेक देश ती स्वतःच्या जहाजांसाठी राखून ठेवतात. पण स्वतःचं जहाज म्हणजे नेमकं काय? इथे चार वेगळे प्रश्न आहेत:

१. जहाजाची मालकी कोणाची?
२. नोंदणी, म्हणजे झेंडा कोणत्या देशाचा?
३. कप्तान आणि खलाशी कुठले?
४. जहाज बांधलं कुठे?

हे चार प्रश्न एकमेकांपासून सुटे आहेत. एखाद्या देशाने पहिल्या तिघांची अट घातली आणि चौथा मोकळा सोडला असं होऊ शकतं. भारतात साधारण तसंच आहे: किनारी वाहतुकीसाठी भारतीय जहाज हवं, परदेशी जहाजाला परवाना लागतो, पण भारतीय जहाज भारतातच बांधलेलं असावं अशी सक्ती नाही.

अमेरिकेत चारही अटी आहेत. तिथे प्रवासी वाहतुकीसाठी १८८६ पासून वेगळा कायदा आहे, आणि आज अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये प्रवासी नेणारं जहाज अमेरिकेत बांधलेलंच लागतं. परिणाम असा की सिअ‍ॅटलहून अलास्काला जाणारी मोठी क्रूझ जहाजं, जी परदेशात बांधलेली आणि परदेशी झेंड्याची असतात, वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदराला लागतात, कारण मग ती फेरी निव्वळ देशांतर्गत राहत नाही. हवाई बेटांमध्ये फिरणारं प्राइड ऑफ अमेरिका हे जहाज बरंचसं जर्मनीत बांधून झालं, म्हणून त्याच्यासाठी संसदेतून खास सूट घ्यावी लागली.

हे चार प्रश्न लक्षात ठेवा. वालचंदांच्या आयुष्यात ते एकेक करून समोर येतात.

रेल्वेचा ठेकेदार

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं मूळचं गुजराती जैन, व्यवसाय सावकारी आणि व्यापार. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुण्यात झालं, पण पदवी पुरी झाली नाही. घरच्या धंद्यात मन रमेना. मग रेल्वेतली नोकरी सोडून ठेकेदारीत उतरलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी त्यांची गाठ पडली आणि १९०३ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचं काम मिळालं. फाटक-वालचंद ही भागीदारी तिथून सुरू झाली.

ठेकेदारीने त्यांना एक गोष्ट शिकवली. यंत्र कुठून आणलं यापेक्षा काम कोणाच्या हातात आहे हे महत्त्वाचं. रूळ, इंजिनं, क्रेन सगळं विलायतेहून येत होतं. पण बोगदा खणणारा, हिशेब ठेवणारा आणि नफा घरी नेणारा भारतीय असू शकत होता. पुढे जहाजाच्या बाबतीत त्यांनी हाच विचार लावलेला दिसतो.

एक जुनी प्रवासी बोट

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा जगभर जहाजांची टंचाई होती. १९१९ च्या सुरुवातीला एका रेल्वे प्रवासात वालचंदांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची लॉयल्टी ही बोट विकायची आहे. युद्धात ती हॉस्पिटल शिप म्हणून वापरली गेली होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना सोबत घेतलं, बोट विकत घेतली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली.

५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीची ही मोठी फेरी, म्हणून आज ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे.

आता या बोटीचा इतिहास बघा. ती १८९० मध्ये इंग्लंडमधल्या बॅरो इथे बांधली गेली. मूळ नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने ती व्हँकुव्हर ते हाँगकाँग या मार्गासाठी बांधून घेतली होती. दोन प्रोपेलर, चांगला वेग, टपालाचं कंत्राट आणि त्यावर सरकारी अनुदान, असा तिचा संसार होता. म्हणजे ज्या दिवशी आपण भारतीय नौकानयन साजरं करतो, त्या दिवसाची नायिका ही परदेशात बांधलेली, जवळजवळ तीस वर्षं जुनी प्रवासी बोट आहे.

तांत्रिकदृष्ट्या ही खरेदी फारशी चांगली नव्हती. लांबच्या समुद्रात वेगाने माणसं आणि टपाल नेण्यासाठी बांधलेली बोट कोळसा भरपूर खाते. टपालाचं अनुदान असेल तर ते परवडतं, नसेल तर नाही. लॉयल्टीचं गणित बसलं नाही आणि १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. कंपनीने तोवर ब्रिटनमधून मालवाहू जहाजं घेतली होती आणि लक्ष भारत-ब्रह्मदेश किनाऱ्याकडे वळवलं होतं.

भाड्याचं युद्ध कसं चालायचं?

किनाऱ्यावर आधीपासून एक बलाढ्य कंपनी होती: ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, थोडक्यात बी. आय. तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप. १९१४ मध्ये बी. आय. आणि पी अँड ओ एकत्र आल्यावर त्यांच्या हाताखाली प्रचंड ताफा होता. अशा कंपनीकडे दोन हत्यारं होती.

पहिलं हत्यार म्हणजे भाडं पाडणं. नवीन कंपनी एकाच मार्गावर चालते, जुनी शंभर मार्गांवर. त्या एका मार्गावर जुनी कंपनी तोटा सोसून भाडं उतरवते आणि बाकीच्या मार्गांवरून भरून काढते. नवीन कंपनीकडे भरून काढायला दुसरं काही नसतं.

दुसरं हत्यार जास्त हुशारीचं होतं: लांबणीवर टाकलेली सूट. व्यापाऱ्याने भाडं पूर्ण भरायचं. ठराविक महिने त्याने सगळा माल याच कंपनीच्या जहाजातून पाठवला तर भाड्याचा काही भाग परत. मधेच एखादी पेटी जरी दुसऱ्या कंपनीने पाठवली, तर आधीची साठलेली सगळी सूट बुडाली. आजच्या भाषेत, वॉलेटमध्ये अडकवून ठेवलेला कॅशबॅक. नवीन कंपनीने कितीही स्वस्त दर दिला तरी व्यापारी हिशेब करतो की इकडे वाचेल त्यापेक्षा तिकडे जास्त बुडेल.

ही हत्यारं याआधीही चालली होती. १९०६ मध्ये चिदंबरम पिल्लई यांनी तुतिकोरिनला स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली होती, युरोपातून दोन आगबोटी आणून तुतिकोरिन-कोलंबो मार्गावर प्रवासी नेले होते. बी. आय.ने भाडं इतकं पाडलं की प्रवास जवळजवळ फुकट झाला, वर छत्री भेट दिल्याचं आजही सांगतात. १९०८ मध्ये पिल्लईंना तुरुंगात टाकलं गेलं आणि कंपनी पुढे बुडाली. लक्षात घ्या, तिथेही बोटी परदेशात बांधलेल्याच होत्या. इंग्रज कंपनीला अडचण बोटीच्या बनावटीची नव्हती, मालकीची होती.

सिंदियावरही असाच दबाव आला. इंचकेप यांनी कंपनी विकत घ्यायची तयारी दाखवली, ती नाकारली गेली. शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदिया किनाऱ्यावर राहणार, पण ताफा ७५,००० टनांच्या वर नेणार नाही. जीव वाचला, वाढ थांबली. या करारावर देशात बरीच टीका झाली. माझ्या मते तो नाइलाज होता, पण त्यातून वालचंदांना कळलं की नुसत्या बाजारात ही लढाई जिंकता येणार नाही. नियम बदलायला हवेत.

कायद्याची लढाई

१९२३-२४ मध्ये कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. तिने भारतीय अधिकारी तयार करण्यासाठी प्रशिक्षण नौका सुचवली आणि किनारी वाहतूक परवाना पद्धतीने हळूहळू भारतीय जहाजांकडे द्यावी असंही म्हटलं. पहिली शिफारस अमलात आली, १९२७ मध्ये मुंबईत डफरिन ही प्रशिक्षण नौका सुरू झाली. दुसरी कागदावर राहिली.

मग १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचं विधेयक मांडलं. त्याचा भर कशावर होता? मालकी आणि नियंत्रण भारतीयांकडे असण्यावर. जहाज भारतातच बांधलेलं असावं ही अट लावली असती तर सिंदियाची स्वतःची जहाजंही बाद झाली असती, कारण मोठी पोलादी जहाजं बांधणारी आधुनिक गोदी देशात नव्हतीच. चौथा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवून पहिला सोडवायचा, असा हा क्रम होता.

विधेयकाचा कायदा झाला नाही. उलट १९३५ च्या भारत सरकार कायद्यात ब्रिटिश कंपन्यांशी आणि जहाजांशी भेदभाव करायला स्पष्ट मनाई आली. म्हणजे दार बंद झालं आणि वर कुलूपही लागलं. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले होते, सिंदियाची धुरा आता वालचंदांकडे होती.

या काळात त्यांनी प्रवासी वाहतुकीतही पाय टाकला. १९३७ मध्ये हज यात्रेकरूंसाठी सेवा सुरू केली आणि त्यासाठी एल मदिना आणि एल हिंद ही नवी जहाजं स्कॉटलंडमध्ये बांधून घेतली. १९३९ मध्ये कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सिंदियाकडे आली. चाकरमान्यांना गावी नेणाऱ्या या बोटींच्या बाबतीतही बदल झाला तो मालकीत.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. सिंदिया मोठी झाल्यावर किनाऱ्यावरच्या छोट्या भारतीय कंपन्या तिच्याविरुद्ध तक्रार करू लागल्या. बी. आय. आणि सिंदिया मिळून आम्हाला दाबतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आरक्षणाने परदेशी मक्तेदारी जाते, पण तिच्या जागी देशी मक्तेदारी येणार नाही याची हमी आरक्षण देत नाही. प्रवाशाच्या आणि छोट्या व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

मग बांधणीकडे का वळले?

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि चौथा प्रश्न अचानक पहिला झाला. ब्रिटनच्या गोद्या स्वतःच्या युद्धात गुंतल्या. पैसे हातात असूनही जहाज मिळेना. असलेली जहाजं सरकारने युद्धासाठी घेतली, काही बुडाली. १९४४ मध्ये एल मदिना जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं आणि पुढच्याच महिन्यात मुंबई गोदीतल्या स्फोटात एल हिंद जळालं. स्कॉटलंडहून हौसेने आणलेली दोन्ही जहाजं महिन्याभरात गेली, आणि तशी पुन्हा तातडीने बांधून देणारं कोणी नव्हतं.

आपल्या क्षेत्रात याला सप्लाय चेन रिस्क म्हणतात. सगळं सुरळीत असताना बाहेरून घेणं स्वस्त पडतं. ज्या दिवशी पुरवठादाराला स्वतःलाच माल हवा असतो, त्या दिवशी तुम्ही रांगेत शेवटी असता.

वालचंदांना हे युद्ध पेटण्याआधीपासून दिसत होतं. गोदीसाठी आधी कलकत्त्याला जागा पाहिली, ते जमलं नाही. मग विशाखापट्टणम ठरलं. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम रखडलं. तरी ते सोडलं नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते जल-उषा पाण्यात उतरली, साधारण ८,००० टनांचं जहाज. याच काळात बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट (१९४०) आणि मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) उभे राहिले. पद्धत तीच: सुरुवातीला आराखडा आणि भाग बाहेरून, जोडणी इथे, मग हळूहळू बांधणी इथे.

पण बांधणीची किंमत मोठी होती. भारतात बांधलेलं जहाज ब्रिटिश जहाजापेक्षा महाग पडत होतं. कारण सरळ आहे. जहाजबांधणी हा एका गोदीचा खेळ नाही. इंजिन, पंप, वायरिंग, पोलादी पत्रे बनवणारे शेकडो कारखाने आसपास लागतात, आणि तेच डिझाइन पुन्हा पुन्हा बांधलं तरच खर्च उतरतो. आपल्याकडे दोन्ही नव्हतं, इंजिनंही बाहेरून यायची. म्हणून किमतीतला फरक सरकारने अनुदान देऊन भरला. १९५२ मध्ये गोदीची दोन-तृतीयांश मालकी सरकारने घेतली आणि हिंदुस्तान शिपयार्ड लिमिटेड तयार झाली.

दरम्यान स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सुमारास किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव झाली. १९२८ मध्ये अडलेली मागणी पुरी झाली होती. वालचंद मात्र ती फार पाहू शकले नाहीत. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत त्यांची काळजी घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

मग उत्तर काय?

वालचंदांच्या आयुष्यातून मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, बोट परदेशात बांधली म्हणून सेवा परकी होत नाही. भाडं कोण ठरवतं, नफा कुठे जातो, खलाशी कोण शिकतो, हे मालकी आणि झेंड्यावर ठरतं. बांधणीची अट पहिल्याच दिवशी लावली असती तर १९१९ मध्ये भारतीय कंपनी उभीच राहिली नसती.

दुसरी, कायम बाहेरूनच घेत राहिलो तर अडचणीच्या दिवशी हात रिकामे राहतात. त्यामुळे बांधणीची क्षमता हवीच. पण तिचा खर्च उघडपणे सरकारने उचलावा, अनुदान म्हणून बजेटमध्ये दिसावा. सक्ती करून तो गुपचूप तिकिटात टाकला तर शेवटी बोटी कमी होतात आणि लोक पुन्हा रस्त्याने जातात.

तिसरी, सुरक्षितता बनावटीवर सोडता येत नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ही सिंदियाची बोट नव्हती. ती ब्रिटनमधल्या नामांकित गोदीत बांधलेली, अवघी अकरा वर्षांची आणि भारतीय मालकीची होती. बनावट उत्तम, मालकी स्वदेशी, तरी पावसाळ्यात गच्च भरलेली बोट उलटली. कोणत्या हवेत किती माणसं घेऊन निघायचं, लाइफ जॅकेट किती, वायरलेस आहे का, हे नियम वेगळे असतात आणि ते चारही प्रश्नांच्या बाहेर आहेत.

कोकण किनाऱ्यावर पुन्हा प्रवासी बोटी हव्यात याची चर्चा दरवर्षी गणपतीच्या आसपास होते. तेव्हा बोट कुठली, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. विचारायलाही हवा. पण त्याआधी मालक कोण, झेंडा कोणाचा, खलाशी कुठले आणि पावसात ती कोणाच्या परवानगीने सुटणार, हे विचारून घ्या. ग्रीसची बोट मांडव्याला लागली तर त्यात वाईट काही नाही. पुढच्या बोटीचं निदान थोडं काम रत्नागिरीत, गोव्यात किंवा कोचीत व्हावं यासाठी आज आपण काय करतोय, हे मात्र बघायला हवं.